महिन्यातून दोनदा भरणारं ऑफिस: पाडापाडीआधीची तयारी

टीम एरवी घरून काम करत असेल आणि महिन्यातून दोनच दिवस सगळे जमत असतील, तर ऑफिसची आखणी त्या दोन दिवसांसाठी करा. रोजच्या हजेरीची सरासरी धरलीत, तर जमायच्या दिवशी चहा घेऊन उभं राहायलाही जागा उरत नाही. इथे पुण्यातलं अडीच हजार चौरस फुटांचं भाड्याचं ऑफिस आणि येणारी ४० माणसं धरली आहेत.

आधी कागद. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही तो करारातला काळ, किती उरलाय, जागा सोडताना सगळं पूर्ववत करून द्यायची अट आहे का हे बघा. पार्टिशन हलवायची मालकाची लेखी परवानगी इंटिरियरवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी हातात असू द्या. सीलिंगवरच्या स्प्रिंकलरचा, म्हणजे आग लागल्यावर पाणी फवारणाऱ्या नळांचा, नकाशाही मागून घ्या. नवी भिंत चुकीच्या जागी आली तर एखादी खोली स्प्रिंकलरविना राहते. ते हलवायचं काम फायरच्या परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या.

वर्कस्टेशन १२ ठेवा, बाकीची काढा. मोकळ्या झालेल्या जागेत हजारेक चौरस फुटांचा हॉल निघाला की ४० जण टेबलांशी बसू शकतात. चार बाय दोन फुटांची, घडीची, ब्रेकवाल्या चाकांची २० टेबलं घ्या. दुमडलेली टेबलं कुठे उभी करायची तेही आत्ताच नकाशात दाखवा, नाहीतर ती पॅसेजमध्ये जातात आणि फायर एक्झिटची वाट अडते.

आवाजाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. काच, व्हिट्रिफाइड टाइल्स आणि उघडा स्लॅब अशा हॉलमध्ये चार गट एकाच वेळी बोलू लागले, की प्रत्येक जण आवाज चढवतो. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागे घुमारा राहिला तर जमिनीला कार्पेट टाइल्स आणि छताला, शिवाय समोरासमोरच्या भिंतींपैकी निदान एकीला, ५० मिलिमीटर जाडीची अकूस्टिक पॅनेल्स लागतील. फोनवर बोलायच्या दोन-तीन छोट्या खोल्यांची पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्या. फॉल्स सीलिंगपाशी थांबवलेल्या भिंतीवरून आतलं सगळं बोलणं बाहेर ऐकू येतं, आणि पगाराचं किंवा नाराजीचं बोलायला मग माणसं जिन्यात जातात.

हवेचं गणित सोपं आहे. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ४० जणांची झाली चार किलोवॅट, म्हणजे एक टनाहून जास्त एसी नुसता माणसांसाठीच. लॅपटॉप, दिवे आणि पश्चिमेची काच असेल तर तिचं ऊन वेगळं. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही, म्हणून जेवणानंतर डोकी जड होतात. एका बाजूला एक्झॉस्ट आणि समोरच्या बाजूला फिल्टर लावलेला ताज्या हवेचा मार्ग ठेवा. भिंतीवर कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावा. आकडा हजार पीपीएमच्या वर टिकून राहिला तर हवा अपुरी आहे.

पॅन्ट्री कोपऱ्यात दडपू नका. वेगवेगळ्या टीमची माणसं एकमेकांशी बोलतात ती इथेच. काउंटर दोन्ही बाजूंनी मोकळं ठेवा, चहा एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला, म्हणजे रांगा एकमेकींत अडकत नाहीत. डबे आणणारे २० जण असले आणि प्रत्येकी दोन मिनिटं धरली, तर एका मायक्रोवेव्हला ४० मिनिटं लागतात. म्हणून तीन घ्या. पण दीड हजार वॅटचे तीन मायक्रोवेव्ह म्हणजे साडेचार किलोवॅट, आणि १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) ३,६८० वॅटच्या पुढे कधीही पडेल. प्रत्येकाला वेगळी लाइन ओढा, सॉकेटही १६ अँपिअरचंच लावा. यातलं काहीही यूपीएसवर नको.

नागपूर-कोल्हापूरहून येणारे थेट स्टेशनवरून येतात. त्यांच्या १५-२० ट्रॉली बॅगांसाठी दाराजवळ रॅक लागतो.

४० माणसं म्हणजे किमान ८० उपकरणं, त्यामुळे घरगुती राउटर चालणार नाही. छताला वाय-फायचे तीन ॲक्सेस पॉइंट, प्रत्येकाला स्वतंत्र केबल आणि दुसऱ्या कंपनीची इंटरनेट जोडणी वेगळ्या मार्गाने आणलेली, एवढं हवं.

काम संपल्यावर, पहिल्या मोठ्या दिवसाच्या दोन आठवडे आधी, १५-२० जणांना अर्धा दिवस बोलवा. सगळे मायक्रोवेव्ह एकदम लावा, सगळ्यांना एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर बसवा, घरून जोडलेल्या एकाला हॉलमधलं नीट ऐकू येतंय का ते विचारा. त्या दिवशी निघालेल्या त्रुटी दुरुस्त होईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.