आयडल व्हॉल्व्हचं जुनं गॅस्केट : माझा अनुभव

दारव्ह्याहून यवतमाळला जाताना दर सिग्नलला गाडी बंद पडायची. आयडल व्हॉल्व्हवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनला लागेल तेवढी हवा देणाऱ्या झडपेवर, कार्बन साचला असणार, म्हणून घरीच खोलला. बॅटरीचं टर्मिनल काढलं, क्लीनर मारून जुन्या टूथब्रशनं काजळी काढली. व्हॉल्व्हची पिन बोटानं दाबली नाही. आतली मोटर नाजूक असते.

खरी गंमत गॅस्केटनं केली, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडातून हवा गळू नये म्हणून मधे बसवतात त्या पातळ चकतीनं. कागदी होतं, खोलताना कडेला थोडं फाटलं. तालुक्याला नवं मिळेना, म्हटलं चालते बाप्पा! तेच बसवलं. आता गाडी बंद पडेना, पण आयडल (उभ्या गाडीत इंजिनचे मिनिटाला फेरे) १,५०० च्या खाली येईना अन् बारीक फुसफुस. जोडावर साबणाचं पाणी टाकताच आवाज बदलला. म्हणजे हवा तिथूनच आत ओढली जात होती.

सिलिकॉन लावायचा मोह झाला, पण त्याचा तुकडा आत ओढला गेला तर? यवतमाळहून नवं गॅस्केट आणलं, चहाच्या दोन कपांच्या भावात. दोन्ही पृष्ठभाग न खरवडता साफ केले, स्क्रू सारखे आवळले. गाडी ८०० वर शांत.

कागदी गॅस्केटच्या जागी रबरी ओ-रिंग असती, मऊ अन् गोल, तर मी परत वापरली असती. चपटी किंवा कडक झालेली नाही. अन् क्लीनर मारण्याआधी ती काढून ठेवा, रबर फुगते.