तुशियारीची फळं खायची तर आधी पान उलटवा

हिमालयाच्या उतारांवर आणि सह्याद्रीतही, ओढ्याकाठच्या ओलसर जागी डेब्रेजेशियाची झुडपं दिसतात. कुमाऊँकडे तिला तुशियारी म्हणतात. खाजकुयलीशी हिचं काही नातं नाही. ही आग्या-खाजोटी या डंख करणाऱ्या वनस्पतींच्या कुळातली. म्हणूनच लोक हात लावायला कचरतात. पण हिला डंख करणारे केस नसतात.

ओळखायचं कसं? पान उलटवा. वरून हिरवं, खरखरीत. खालून पांढुरकं, मऊ लवेचं. वारा सुटला की अख्खं झुडूप पांढरट झळकतं, लांबूनही कळतं. पान लांबट, कडा बारीक दातेरी, देठापासून तीन ठळक शिरा निघालेल्या. फळं फांदीलाच चिकटून, पानांच्या बेचक्यात: नारिंगी, दाणेदार, मोहरीएवढ्या मण्यांचे गोळे. जवळपासच आग्या उभी असू शकते. खोडावर, पानावर ताठ काटेरी केस दिसले की हात मागे घ्या, तिथे धाडस नको.

पूर्ण नारिंगी झालेलाच गोळा घ्या. बोटाने हलकं ढकललं की तो सुटतो. ओढावा लागला तर कच्चा आहे. चव सौम्य गोड, बरीचशी पाणचट. रास्पबेरीची अपेक्षा ठेवू नका! फळं मऊ असल्यामुळे पिशवीत लगेच चेंदामेंदा होतात, तेव्हा तिथल्या तिथे खाणंच बरं. पहिल्यांदा दोन-चार दाणेच खाऊन पाहा. ओळखीबद्दल शंका असेल तर तेही नको.

फांदी मात्र मोडू नका. सालीतला धागा चिवट असतो (त्याचे दोर वळतात), त्यामुळे ओढलेल्या फांदीची साल पार खोडापर्यंत सोलत जाते.