गॅमा कॅमेरा चोरीला गेला, तर पहिल्या काही तासांत काय करायचं

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यात किंवा सिन्नरच्या साइटवर वेल्डचं आरटी (गॅमा किरणांनी जोडाचा फोटो घेऊन तपासणी) करणाऱ्यांचा गॅमा कॅमेरा, म्हणजे आत किरणोत्सर्गी सोर्स असलेली पेटी, बहुतेक वेळा गाडीसकट जातो. चोराला गाडी हवी असते. डिकीतली जड पेटी त्याला नंतर सापडते. ती तो शिसं समजून भंगारात विकू बघतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

आधी नक्की काय गेलंय ते ठरवा. कधी कॅमेरा जागेवरच असतो आणि सोर्स बाहेर ढकलणाऱ्या ड्राइव्ह केबलपासून सुटलेलं पिगटेल (टोकाला सोर्स असलेली छोटी तार) पुढच्या नळीत, म्हणजे गाइड ट्यूबमध्ये, किंवा जमिनीवर पडलेलं असतं. सर्व्हे मीटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) चालू ठेवूनच पुढे जा. कॅमेऱ्याच्या अंगावरचं रीडिंग रजिस्टरमधल्या जुन्या नोंदीशी ताडून पाहा. आतलं शील्डिंग (किरण अडवणारं आवरण) डिप्लीटेड युरेनियमचं, म्हणजे स्वतःच थोडं किरणोत्सर्गी असेल, तर रिकामा कॅमेराही थोडं रीडिंग देतो. त्यामुळे 'काटा हलला म्हणजे सोर्स आत आहे' असं धरून चालू नका.

मग सोर्सची आजची ॲक्टिव्हिटी (क्युरीत मोजली जाणारी तीव्रता) काढा. सोर्समधलं इरिडियम-192 दर 74 दिवसांनी निम्मं होतं. 40 क्युरीचा सोर्स 148 दिवसांनी 10 क्युरीवर येतो. हा 10 क्युरीचा सोर्स उघडा पडला, तर एक मीटरवर ताशी सुमारे 48 मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. म्हणजे सामान्य माणसाची वर्षाची 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा सव्वा मिनिटात संपते. दहा मीटरवर हाच दर शंभरावा भाग होतो. पिगटेल खिशात घातलं, तर काही मिनिटांतच कातडी भाजण्याइतका डोस बसतो. चटका मात्र त्या वेळी जाणवत नाही; लाली आणि फोड काही दिवसांनी येतात.

आरएसओला (कंपनीच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला) लगेच फोन करा. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) 24 तासांच्या आत कळवावं लागतं, पण ही शेवटची मुदत आहे. 'सकाळपर्यंत शोधून बघू' यात गेलेले तास सगळ्यात महाग पडतात. 112 वर फोन करा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला कळवा आणि फिर्याद द्या. फिर्यादीत नुसतं 'कॅमेरा चोरीला' लिहिलंत, तर ठाणे अंमलदाराला फोटोचा कॅमेरा वाटणार. 'किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं औद्योगिक यंत्र' असंच लिहा. सोबत अनुक्रमांक, वजन, आजची ॲक्टिव्हिटी, पेटीचा रंग, पिवळ्या-काळ्या चिन्हाचा फोटो आणि कुलूप लावलं होतं की नाही, ते द्या. मूळ कागद गाडीबरोबरच गेलेले असतात, म्हणून त्यांच्या प्रती ऑफिसात आधीपासून हव्यात.

भंगारवाल्यांना सांगताना भाषा सांभाळा. नुसतं घाबरवलं, तर पेटी नासर्डी नदीत जाईल, आणि पाण्याखालच्या सोर्सचं रीडिंग काठावरून मिळणं कठीण. 'फोडू नका, कापू नका, लांब उभे राहा, 112 ला फोन करा. याला भंगाराची किंमत नाही' एवढं पुरे. पत्रक मराठीसोबत हिंदीतही काढा. दिल्लीत 2010 साली मायापुरीत एका विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात गेलं, त्यातला कोबाल्ट-60 उघडा पडला आणि एक माणूस दगावला.

रस्त्याच्या कामावरचं न्यूक्लिअर डेन्सिटी गेज (थराची घनता मोजणारं यंत्र) यापेक्षा बरंच सौम्य असतं. त्यात साधारण 10 मिलिक्युरी सीझियम-137 आणि जोडीला अमेरिशियम-बेरिलियम असतं. पण इरिडियम दोन वर्षांत हजारावा भाग उरतं; सीझियमचं अर्धायुष्य 30 वर्षांचं आणि अमेरिशियमचं 432. तेव्हा 'छोटंच आहे' म्हणून गेजचा शोध अर्ध्यावर सोडायचा नाही.

शोध गाडीतून घ्यायचा असेल, तर ती माणसाच्या चालीने चालवा आणि मीटर खिडकीबाहेर धरा. बंद पेटीचं रीडिंग काही मीटरपलीकडे नेहमीच्या नैसर्गिक रीडिंगमध्ये मिसळून जातं. वेगात गेलात, तर ती हुकते.

पेटी सापडली की किल्ली फिरवून पाहू नका. दोरी बांधून लोकांना लांब ठेवा, रीडिंग घ्या आणि आरएसओची वाट पाहा. सोर्स बाहेर असेल, तर हाताने अजिबात उचलायचा नाही. ते काम लांब चिमटे आणि शील्डिंग असलेल्या प्रशिक्षित टीमचं. पेटी कोणी, किती वेळ, किती अंतरावरून हाताळली, ते त्याच वेळी नावांसह लिहून घ्या. उलट्या किंवा लाली दिसली की डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील. सोर्स फुटलेला नसेल, तर त्या माणसाला स्पर्श केल्याने काही होत नाही, हे घरच्यांना सांगा. आणि लीक टेस्ट (सोर्समधून किरणोत्सर्गी पदार्थ गळतोय का, याची तपासणी) होईपर्यंत तो कॅमेरा कामावर लावू नका.