कंबरेच्या मणक्यातली नळी अरुंद झालीय? रोज कसं सांभाळायचं आणि डॉक्टरांकडे कधी लगेच जायचं

रिपोर्टवर ‘लंबर कॅनाल स्टेनोसिस’, म्हणजे कंबरेच्या मणक्यातली नसा जातात ती नळी अरुंद झालीय, असं आलं की घरात सगळे घाबरतात, माझ्या आईच्या वेळी पण तेच झालं, म्हणून आधी हे सांगते की बऱ्याच जणांचं हे दुखणं वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं, आणि साठीनंतर एमआरआयमध्ये नळी अरुंद दिसते पण त्रास काहीच नाही असे लोकपण खूप असतात. त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून ऑपरेशन ठरवू नका, माणूस चालतोय कसा ते बघा.

होतं काय, वयानुसार मणक्यांमधली गादी झिजते, मागचे छोटे सांधे वाढतात, लिगामेंट जाड होतं आणि नसांना जागा पुरत नाही, बहुतेक वेळा एल४-एल५ च्या लेव्हलला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. ताठ उभं राहिलं की ती जागा अजून कमी होते, पुढे वाकलं किंवा बसलं की जरा वाढते. एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं आपोआप कळतं. म्हणूनच मंडईत चालताना पाय जड होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, मुंग्या येतात आणि बाकड्यावर टेकलं की थोड्या वेळात बरं वाटतं, पण तोच माणूस डी-मार्टमध्ये ट्रॉलीवर रेलून आरामात फिरतो. नुसतं उभं राहूनच पाय दुखायचे थांबत असतील तर मात्र पायाच्या रक्तवाहिन्यांचा प्रॉब्लेम असू शकतो, शुगर किंवा तंबाखू असेल तर ते नक्की तपासून घ्या.

रोजचं म्हणाल तर ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि पाय बदलत राहा, भाजी बसूनच निवडा-चिरा. चालणं बंद करू नका, तुकड्यातुकड्यात चाला, मध्ये बसा, परत चाला. घरात व्यायामाची, जागेवरच चालवायची सायकल असेल तर उत्तम कारण तिच्यावर माणूस पुढे झुकलेला असतो. झोपताना कुशीवर, गुडघे वाकवून, मध्ये उशी. गुडघे छातीशी घेण्यासारखे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, आणि योगाच्या क्लासमध्ये आधीच सांगून ठेवा की भुजंगासन, धनुरासन, चक्रासन जमणार नाही. मणका ‘बसवून’ देणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. पेनकिलर मनाने रोज घेऊ नका, किडनी आणि बीपीवर परिणाम होतो. नसांच्या गोळ्यांनी चक्कर येते, तेव्हा रात्री बाथरूमपर्यंत लाइट चालू ठेवा. मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही दिवस शुगर वाढते, आणि त्याचा आरामही तात्पुरताच असतो.

त्रास वाढतोय का हे कळायला एक साधी वही ठेवा, न बसता कुठपर्यंत चालता आलं एवढंच लिहायचं. आई लिहायची, ‘देवळापर्यंत’, मग ‘मेडिकलपर्यंत’, मग ‘गेटपर्यंत’, आणि डॉक्टरांना आमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या तीन शब्दांनी जास्त कळलं. पायातून चप्पल निसटली आणि कळलंच नाही, पाऊल फरशीवर घासतंय, जिना चढताना गुडघा अचानक सुटतो, टाचेवर उभं राहता येत नाही, असं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. हाताने शर्टाचं बटण लागत नाही, सही बदललीय, चालताना तोल जातो, असं असेल तर मानेच्या मणक्यातही दाब असू शकतो, आणि कंबरेच्या एमआरआयमध्ये ते दिसणार नाही. ऑपरेशनने पायाचं दुखणं बऱ्याचदा छान कमी होतं, पण खूप दिवस राहिलेला बधीरपणा किंवा गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही, म्हणून कमजोरीच्या बाबतीत उशीर नको.

आणि लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावर ताबा राहिला नाही, सायकलच्या सीटवर टेकतो ती जागा बधीर झाली, दोन्ही पायांची ताकद एकदम गेली, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआय आणि स्पाइन सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. कॅज्युअल्टीत नुसतं ‘कंबर दुखतेय’ म्हणू नका, कंबरदुखी म्हटलं की इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची शक्यता असते. लघवीचं आणि बधीरपणाचं पहिल्याच वाक्यात सांगा, म्हाताऱ्या माणसांना हे बोलायची लाज वाटते म्हणून सोबतच्याने सांगा, शेवटची लघवी किती वाजता झाली तेपण सांगा, आणि जुन्या एमआरआयची फिल्म सोबत न्या.