जावास्क्रिप्टमधील असिंक फंक्शनचा खर्च कसा ओळखावा आणि कोठे कमी करावा

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी गुळाच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायची विक्रीची बिले) करणारा जावास्क्रिप्ट प्रोग्राम लिहिताना, प्रत्येक रव्याचे (गुळाच्या ढेपेचे) वजन, दर, हमाली आणि तोलाई यांचा हिशेब करणारे छोटे फंक्शन मी निव्वळ सवयीने असिंक, म्हणजे उत्तर नंतर देणारे, ठेवले होते. त्यात ना डेटाबेस होता, ना नेटवर्क. होती ती बेरीज-वजाबाकी. हंगामभराच्या नोंदी एकदम चालवल्या, तेव्हा या सवयीचा भार जाणवू लागला.

असिंक फंक्शन बोलावले की दरवेळी नवा प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू, तयार होतो. अवेटपाशी, म्हणजे त्या उत्तराची वाट पाहण्याच्या जागी, फंक्शनची स्थिती जपली जाते आणि उरलेले काम मायक्रोटास्कच्या, म्हणजे चालू कोड संपताच करायच्या छोट्या कामांच्या, रांगेत लागते; अवेटपुढे नुसता आकडा असला तरी ही फेरी चुकत नाही. पूर्वी व्ही८ इंजिनात (क्रोम ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड हेच वापरतात) एका अवेटला किमान तीन फेऱ्या लागत. क्रोम ७३ आणि नोड १२ पासून, अवेटपुढे भाषेचाच मूळ प्रॉमिस असल्यास, एकच लागते. म्हणून जुन्या नोडवर घेतलेली मापे आजच्या निर्णयासाठी वापरू नयेत. शिवाय मायक्रोटास्कची रांग रिकामी होईपर्यंत ब्राउझर पडदा नव्याने रंगवत नाही, त्यामुळे जड हिशेब असिंक केल्याने पान मोकळे राहते हा समज चुकीचा आहे.

आधी मोजावे. तेच काम साध्या आणि असिंक अशा दोन्ही रूपांत, प्रत्यक्षातील नोंदींइतक्या वेळा चालवून परफॉर्मन्स डॉट नाऊ या वेळ सांगणाऱ्या फंक्शनने वेळ घ्यावी. इंजिनाला कोड तापवू द्यावा, म्हणजे चालवता चालवता वेगवान करू द्यावा, म्हणून पहिल्या काही वेळची मापे सोडून द्यावीत. फरक दिसला, तर हिशेबाचे फंक्शन साधे करावे आणि असिंक फक्त कडेला, म्हणजे नोंदी वाचणे आणि पट्टी साठवणे येथे ठेवावे.

मात्र खरा वेळ बहुधा वेगळ्याच ठिकाणी जातो. लूपमध्ये एकेका शेतकऱ्याची नोंद अवेटने मागवली, तर प्रत्येक विनंती आधीची संपेपर्यंत ताटकळते. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या विनंत्या प्रॉमिस डॉट ऑलने एकत्र सोडाव्यात, पण हजारो असतील तर पन्नास-शंभरच्या गटांत, नाहीतर डेटाबेसच्या जोडण्या संपतात. ‘रिटर्न अवेट टाळा’ हा सल्लाही आता जुना झाला आहे: ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाने तो नियम २०२३ मध्ये मोडीत काढला, आणि ट्राय-कॅचच्या आत चूक तेथेच पकडायची असेल तर रिटर्नपुढे अवेट लिहावेच लागते.