मोटरहोमच्या पुढच्या सस्पेन्शनचा रिकॉल: गाडी तपासायची कशी आणि काम करून घ्यायचं कसं

रिकॉल म्हणजे दोष निघालेली गाडी कंपनीनं परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणं. त्याचं पत्र किंवा एसएमएस जातो तो नोंदणीत ज्याचं नाव आणि नंबर आहे त्याला. मोटरहोमचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं, गाडं इथेच अडतं. चासी (चाकं, इंजिन आणि खालचा सांगाडा) एका कंपनीची, बॉडी दुसऱ्याच कारखान्यात बांधलेली, आणि गाडी बऱ्याचदा एक-दोन हात फिरून आलेली. त्यामुळे पत्र पहिल्या मालकाच्या घरी पडून राहतं आणि गाडी तशीच कसारा घाट उतरत असते. पत्राची वाट पाहू नका, चासी नंबर घेऊन तुम्हीच विचारा.

डिजिलॉकरमधल्या आरसीवर पूर्ण चासी नंबर मिळतो. तो 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे गोल दिसलं तर ते शून्य आणि उभी रेघ दिसली तर तो एक. हा नंबर चासी बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. बॉडीच्या कंपनीकडे वेगळी चौकशी करा. पुढचा एक्सल (चाकांचा आडवा आस), आर्म, स्टीअरिंग हे चासीवाल्याचं काम, पण बॉडीवाल्यानं तिथे काही बदललं असेल तर त्याचंही उत्तर हवं. गाडी जुनी घेतलेली असेल तर वाहन पोर्टलवर मोबाइल नंबरही बदलून घ्या, म्हणजे पुढचे निरोप तुम्हालाच येतील.

नंबर यादीत निघाला तर आधी एकच प्रश्न विचारा: दुरुस्तीपर्यंत गाडी चालवायची की उभी करायची? रिकॉल दोन्ही तऱ्हेचे असतात. उत्तर ईमेलवर किंवा मेसेजवर घ्या. ‘चालवू नका’ असेल तर कंपनीकडे फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागा. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही आणि हूक लोअर आर्मला (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा टाय रॉडला (स्टीअरिंगनं चाक वळवणारा दांडा) अडकवू द्यायचा नाही.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये बिघडतं काय? बॉल जॉइंटची (आर्म आणि चाक जोडणारा फिरता सांधा) दांडी कारखान्यात नीट टणक केलेली नसते, लोअर आर्मचा वेल्ड अर्धवट बसलेला असतो, पाटा किंवा कॉइल स्प्रिंग तडकते, नाहीतर कारखान्यात बोल्ट कमी टॉर्कवर, म्हणजे कमी जोरानं, आवळला गेलेला असतो. हा शेवटचा दोष साधा वाटतो, पण फसवा आहे. बोल्ट सैल असला की दोन भाग एकमेकांवर सरकतात, प्रत्येक खड्ड्याला बोल्टवर उलटसुलट ताण येतो आणि तो एक दिवस थकून तुटतो. नुसता पुन्हा आवळला तरी आत पडलेली चीर जात नाही. म्हणून रिकॉलमध्ये बोल्ट बदलायला सांगितले असतील तर ‘टाइट करून दिलाय’ यावर समाधान मानू नका. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं, सोबत ब्रेकचा पाइप ओढला जाऊ शकतो आणि स्टीअरिंग हातात असून उपयोग राहत नाही.

सेंटरची तारीख मिळेपर्यंत घरी एवढं पाहा. आधी पुढची बाजू खालून धुऊन वाळू द्या. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरलेल्या गाडीला चिखलाखाली काहीच दिसत नाही. मग टॉर्च मारा. बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस गंजाची धार उतरलेली असेल तर तिथे हालचाल होतेय. बॉल जॉइंटचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलंय का, वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ आहे का, पाट्यांचा यू-बोल्ट जागेवरून सरकलाय का, हे बघा. टायरची आतली कडच घासली जात असेल किंवा स्पीडब्रेकरवर ‘टक’ आवाज येत असेल तर तेही लिहून ठेवा, कोणत्या बाजूनं येतो त्यासकट.

चाक उचलून बघायचं असेल तर सपाट, पक्क्या जागी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि जॅकसोबत वजन पेलणारा स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅक कुठे लावता त्यावर तपासणी खरी की खोटी ते ठरतं. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत जॅक मॅन्युअलमधल्या खुणेवर, फ्रेमखाली लावा, म्हणजे चाक मोकळं लोंबतं. स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाच्या बाजूला लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच्या दाबानं बॉल जॉइंटचा प्ले (सैलपणा) दबून राहतो आणि खराब जॉइंटही चांगला वाटतो. मग चाक वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (सरळ एक्सलच्या गाडीत चाक ज्यावर वळतं ती खुंटी). डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर टाय रॉडचे एंड बघा. प्ले सापडला तर गाडी तिथेच ठेवा.

गाडीचं वजन करा, आणि हे रिकॉल नसतानाही करावं. अंबड-सातपूर एमआयडीसीत, पिंपळगाव-लासलगावच्या कांदा मार्केटजवळ वजनकाटे आहेत. पाणी, गॅस, सामान आणि माणसं भरून आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर. दुसरा आकडा मॅन्युअलमधल्या पुढच्या एक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहा. 100 लिटर पाण्याचे 100 किलो होतात. ते पुढच्या सीटमागे असेल तर बराच भार पुढे येतो. उलट 3,350 मिमी व्हीलबेसच्या गाडीत मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे 100 किलो ठेवले, तर पुढचं वजन साधारण 30 किलोनं हलकं होतं आणि मागे 130 किलो वाढतात. पुढचा एक्सल मर्यादेबाहेर असेल तर नवा सुटा भागही लवकर जाईल. गाडी खाली बसली म्हणून जादा पाटा किंवा स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) मात्र चढवू नका. कंपनीचं रिकॉलचं किट मग बसत नाही, आणि कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आड येतो.

सर्व्हिस सेंटरला तारीख घेताना गाडीची उंची एसी, कॅरिअरसकट मोजून सांगा आणि लिफ्टची क्षमता विचारा. साडेतीन टनांच्या वरची गाडी दोन खांबी लिफ्टवर चढत नसेल तर पिट, म्हणजे खाली उतरून काम करायचा खड्डा, लागेल. जाण्यापूर्वी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅस सिलिंडर उतरवा. वेल्डिंग होणार असेल तर गाडीतल्या राहण्याच्या भागाच्या बॅटरीचं आणि सोलरचं कनेक्शनही काढायला लावा. फक्त इंजिनची बॅटरी काढून भागत नाही.

काम चालू असताना तीन गोष्टी मागा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) आणि स्प्लिट पिन (नट अडवणारी दुपाखी पिन) नवीन. बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्यानं. आणि रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकून, गाडीचं वजन बसल्यावर. चाक लोंबत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि काही महिन्यांत फाटतो. ही चूक सर्रास होते. शेवटी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि त्याचा छापील कागद. जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक, बदललेल्या भागांचे नंबर आणि शून्य रुपये हवेत. पुढचं बंपर गार्ड किंवा टाकी काढावी लागणार असेल तर त्याचा खर्च कोणाचा, ते आधीच लेखी ठरवा.

पहिली फेरी नाशिक ते इगतपुरी आणि परत, साधारण 90 किलोमीटरची ठेवा. घाटात उतरू नका. आल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा. पाट्यांचे यू-बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतरावर परत आवळून घ्या.

सेंटर टाळाटाळ करत असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं, आणि 1 एप्रिल 2021 पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं. त्यात कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. वाहनातल्या दोषाची तक्रार केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवता येते. पुरेशा मालकांच्या तक्रारी जमल्या की चौकशी लागते, म्हणून तीच चासी असलेल्या ओळखीच्या मालकांनाही नोंदवायला सांगा. स्वतःच्या गाडीपुरतं ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. सोबत जॉब कार्ड, वजनकाट्याची पावती, फोटो आणि सेंटरचे मेसेज जोडा. जुना सुटा भाग कंपनी परत घेणार असेल तर देण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नंबर वाचता येईल असे.