चेतासंधीच्या प्रतिरूपात तारकापेशी कशी दाखवावी

विज्ञान प्रदर्शनासाठी चेतासंधीचे, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडणीचे, प्रतिरूप करताना मुले बहुधा दोन चेतापेशी आणि त्यांच्यामधली फट दाखवून थांबतात. ही जोडणी घडवण्यात मोठा वाटा असलेली तारकापेशी, म्हणजे मेंदूतली ताऱ्यासारखी फांद्या असलेली आधारपेशी, वगळली, तर कारागीरच वगळला, असे मला ठामपणे वाटते. ठाण्यातल्या शाळकरी मुलांबरोबर काम करताना जी रीत बसली, ती येथे देत आहे.

जांभळी नाक्याच्या बाजारातून लोकर, दोन रंगांचे मणी, टाचण्या आणि टिकल्यांचे एक पाकीट आणावे. चेतापेशींची दोन टोके पुठ्ठ्यावर सरकती बसवावीत आणि जोडणी झाल्यावर त्यांच्यात २ सेंटिमीटर अंतर राहील, असे पाहावे. टोके एकमेकांना चिकटवू नयेत, कारण जोडणीनंतरही फट राहतेच. खरी फट सुमारे २० नॅनोमीटरची असते, म्हणजे आपण ती १० लाख पट मोठी केली. याच प्रमाणात, उंदराच्या मेंदूत साधारण ५० मायक्रोमीटर पसरलेली तारकापेशी ५० मीटरची होईल आणि तिला शाळेचे पटांगणच लागेल! म्हणून तिच्या एकाच फांदीचे टोक लोकरीने करून फटीला बिलगवावे.

यापुढे क्रम सांभाळावा लागतो. बेन बॅरेस यांच्या स्टॅनफर्डमधील प्रयोगशाळेत २००१ मध्ये असे आढळले की, डोळ्याच्या पडद्यातील चेतापेशी तारकापेशींच्या सान्निध्यात वाढवल्या की त्यांच्या जोडण्या सुमारे सातपट होतात; २००५ मध्ये त्यामागचे थ्रॉम्बोस्पाँडिन हे प्रथिन पुढे आले. म्हणून लोकरीकडून आधी एका रंगाचे मणी, म्हणजे हे थ्रॉम्बोस्पाँडिन, आणावेत आणि मगच टोके सरकवावीत. अशी जोडणी दिसायला पूर्ण, पण मुकी असते, कारण संदेश घेणाऱ्या बाजूला हवे ते ग्राही, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिने, अजून आलेले नसतात. दुसऱ्या रंगाचे मणी, म्हणजे तारकापेशीचेच ग्लायपिकन हे दुसरे प्रथिन, आल्यावरच ग्राहींच्या टाचण्या टोचाव्यात. मुले घाईने टाचण्या आधीच टोचतात, तेथे लक्ष ठेवावे.

शेजारी कमी वापराची एक जोडणी करून तिच्यावर टिकली लावावी. ही सी१क्यू प्रथिनाची खूण. वाढत्या मेंदूत मायक्रोग्लिया या दुसऱ्या प्रकारच्या आधारपेशी अशा जोडण्या गिळतात. एका मुलाने हातात मोजा चढवून टिकलीची जोडणी पाहुण्यांसमोरच उचलावी आणि टाचण्यांची जोडणी तशीच राहू द्यावी.